‘आज तणनाशक मारा, परवा पेरा’ हे खरं नाही

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: तणनाशक मातीला लागलं की निकामी होतं, दोन दिवसांनी काहीही पेरा, एक पाऊस पडला की उरलंसुरलं धुऊन जातं, शंका असेल तर शेणखत टाका. यावर विसंबून लोक महागाचं बी मातीत घालतात, म्हणून हे लिहितोय.

‘मातीला लागलं की निकामी’ हे पॅराक्वाटबद्दल खरं, ग्लायफोसेटबद्दलही बरंचसं खरं. दोन्ही मातीच्या कणांना घट्ट चिकटतात. पण ग्लायफोसेटला पानातून मुळापर्यंत उतरायला वेळ लागतो. हराळी, लव्हाळा असेल तर आठवडाभर वखर घालू नये, नाहीतर गाठी जिवंत राहतात आणि नव्या पिकात लव्हाळा पुन्हा उभा. शिवाय ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोल ऑपरेटरकडूनच वापरावं, असा आदेश केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढला, त्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही.

खरी गफलत पुढे आहे. अ‍ॅट्राझिन, पेंडीमिथॅलिन, इमॅझेथापायर यांचं कामच मातीत चालतं, म्हणून ती टिकतात. मक्यात, उसात मारलेलं अ‍ॅट्राझिन काही महिने राहू शकतं, आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात जास्तच. त्यावर भाजीपाला लावला तर रोप नीट उगवतं, मग खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपत जातात. शेतकरी बियाण्याला दोष देतो. टू-फोर-डीनंतर गवताचं बी टाकायलाही साधारण तीन-चार आठवडे थांबावं लागतं.

पावसाचं म्हणाल, तर औषध मुख्यतः जिवाणू फोडतात आणि त्यांना ओल टिकून लागते. एका सरीने ते होत नाही. खरीप कोरडा गेला की सोयाबीनवरच्या इमॅझेथापायरचा अंश रब्बीत भोवू शकतो. शेणखताने जिवाणूंना बळ मिळतं, पण हे काम दोन दिवसांचं नव्हे.

डब्यासोबतच्या पत्रकात पुढच्या पिकासाठी किती थांबायचं ते पाहा. तरी खात्री नसेल तर रानात चार-पाच ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती कुंडीत भरा, दुसऱ्या कुंडीत न फवारलेल्या बांधाची. दोन्हीत काकडी किंवा मुळा आणि जे पेरायचं ते बी टाका. दोन-तीन आठवडे रोपं शेजारी ठेवून बघा, उपटून मुळंही बघा. रानाच्या मातीतली मुळं आखूड, जाड झालेली दिसली, किंवा पानं पिवळी पडली, तर पेरणी पुढे ढकला.