खुलासा: जुन्या लेन्ससाठी काचेचा अडॅप्टर लागत नाही

‘अडॅप्टरमध्ये (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या नळीत) काच नसेल तर जुनी मॅन्युअल लेन्स मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) अनंतावर, म्हणजे खूप दूरच्या गोष्टींवर, फोकस होत नाही,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि त्यापायी लोक चांगल्या लेन्सचं चित्र स्वतःच बिघडवून घेतात.

काच लागायची ती डीएसएलआरवर, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर. कॅननच्या जुन्या एफडी लेन्सला माउंटपासून (लेन्स जिथे बसते तिथून) सेन्सरपर्यंत ४२ मिमी अंतर हवं. कॅननच्याच ईएफ माउंटच्या डीएसएलआर बॉडीत ते ४४ मिमी. लेन्स मागे सरकवता येत नाही, म्हणून मध्ये काच. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे हे अंतर खूप कमी. सोनी ई माउंटचं अंतर १८ मिमी, निकॉन झेडचं १६. एम४२ या जुन्या स्क्रू माउंटच्या लेन्सला ४५.४६ मिमी लागतं, म्हणजे सोनीवर साधारण साडेसत्तावीस मिमीची पोकळ नळी पुरते. फोकल रिड्यूसर (दृश्य रुंद करणारा अडॅप्टर) हवा असेल तर काच येणारच, पण तो वेगळा प्रकार.

खरं लक्ष द्यायचं ते नळीच्या लांबीकडे. बरेच स्वस्त अडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड करतात, म्हणजे अनंत हमखास मिळतो. मग लेन्सवरचे अंतराचे आकडे जुळत नाहीत, आणि फ्लोटिंग एलिमेंट (फोकस करताना वेगळी सरकणारी आतली भिंगं) असलेल्या वाइड लेन्सच्या कडा मऊ पडू शकतात. आतली भिंत चकचकीत असेल तर कॉन्ट्रास्टही जातो. ती काळी, मॅट हवी.

एम४२ लेन्सवर ऑटो-मॅन्युअल खटका नसेल, तर अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) लहान करणारी मागची पिन दाबणारा अडॅप्टरच घ्या, नाहीतर ते उघडंच राहील.