वाचण्याजोगं? कुणाला वाचण्याजोगं? स्ट्रिंग्ज ही कमांड म्हणे कुठल्याही फाइलमधला 'वाचण्याजोगा' मजकूर काढून दाखवते.

"अगं, स्ट्रिंग्ज मार त्या फाइलवर, दोन मिनिटांचं काम." दोन मिनिटं! अख्खा शनिवार गेला माझा. मान धरलीय, डोळे चुरचुरतायत आणि सल्ला देणारा कधीच ऑफलाइन झालाय.

नोंदी ठेवायचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं, ते नव्या मशीनवर उघडेना. हाती उरली एक बायनरी फाइल, त्यांच्याच कुठल्यातरी घरगुती फॉरमॅटमधली. आत माझ्या सहा वर्षांच्या मराठी नोंदी. कमांड टाकली. काय आलं? फॉन्टची नावं, रकान्यांची इंग्रजी नावं, आवृत्तीचा क्रमांक. त्याखाली हजारो ओळी नुसता कचरा: टिंबं, कंस, आकडे, ऍट-चिन्हं, आणि मधे ही एवढाली रिकामी जागा. मराठीचं एक अक्षर नाही. बरं, एरर नाही, इशारा नाही, एक्झिट कोड शून्य. म्हणजे यांच्या मते सगळं झकास पार पडलं!

कचऱ्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही, कारण स्ट्रिंग्ज म्हटलं की कचरा येणारच हे आपल्याला पाठ असतं. येणार नाही तर काय? सलग चार छापील बाइट (इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं, स्पेस, टॅब) दिसले की याच्या लेखी झाला मजकूर. चार! २५६ पैकी ९६ बाइट याला चालतात. हिशेब करा: पूर्ण यादृच्छिक १० लाख बाइट दिले तरी निव्वळ योगायोगाने १२ हजारांच्या आसपास ओळी बाहेर पडतील. मायनस एन देऊन मर्यादा आठवर नेली की त्याच अडीचशेच्या आत येतात. मग डिफॉल्ट चारच का? असू दे, परंपरा आहे म्हणे.

मी मॅन्युअल उघडलं. मायनस ई, मोठा एस: आठ-बिटी अक्षरं. दिला. आता १२७ च्या वरचा प्रत्येक बाइट अक्षर ठरला, म्हणजे २५६ पैकी २२४ पास. टर्मिनलवर प्रश्नचिन्हांच्या चौकटींचा पूर आला. मग मायनस ई, छोटा एल: सोळा-बिटी. मनात म्हटलं, हेच ते! यूटीएफ-१६ मध्ये (युनिकोड अक्षरं बाइटांत साठवायची एक पद्धत) मराठीचं प्रत्येक चिन्ह दोन बाइटांचं, आणि हा दोन-दोन बाइटच तर वाचतो. वाचतो हो, वाचतो. पण त्या दोन बाइटांतून १२७ च्या वरचा आकडा निघाला की तोंड फिरवतो. सोळा बिट घ्यायचे आणि त्यातलं इंग्रजी तेवढं ठेवायचं! मग घेता कशाला? स्ट्रिंग्ज ज्या जीएनयू बिनयुटिल्स संचात येतं, त्याच्या २०२२ च्या २.३८ आवृत्तीपासून युनिकोडसाठी वेगळा पर्याय आलाय, पण तो यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीपुरता. माझी फाइल निघाली यूटीएफ-१६ ची, तिला त्याचा उपयोग शून्य.

जागा शोधायला मायनस ओ दिलं तर पत्ते अष्टमान पद्धतीत. काही आवृत्त्यांत तेच मायनस ओ दशमान देतं, हे मॅन्युअलमध्येच शांतपणे लिहून ठेवलंय.

शेवटी हेक्स डम्प (फाइलचा प्रत्येक बाइट आकड्यांत दाखवणारी यादी) उघडून एकेक बाइट बघत बसले, आणि संतापाने हसू आलं. मराठीत लागणाऱ्या प्रत्येक देवनागरी चिन्हाचा युनिकोड क्रमांक ०९ ने सुरू होतो. ०९ म्हणजे टॅब. आणि स्ट्रिंग्जला टॅब चालतो! म्हणजे सकाळपासून जो कचरा म्हणून मी सरकवत होते, ती माझीच वाक्यं होती. म चं झालं टिंब, र चा शून्य, न चा कंस, ह चा नऊ, काना म्हणजे 'पेक्षा मोठं'चं चिन्ह. अ, क, ग, च, ज यांचे बाइट छापील नाहीत, म्हणून तिथे वाक्याचे तुकडे. 'मराठी' हा शब्द डोळ्यांसमोर अक्षरशः असा होता: . 0 > (मग एक स्पेस) @. कसं ओळखणार होते मी?

(काही जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी मात्र याला बरंचसं दिसतं. इंग्रजी अक्षरांच्या खिचडीत, पण दिसतं!)

मग फाइल आयकॉन्व्हमधून (मजकूर एका पद्धतीतून दुसरीत नेणारी कमांड) काढली. अर्ध्या नोंदी आल्या. उरलेल्या अर्ध्यांत काना-मात्रांच्या जागी चिनी चिन्हं, कारण त्या विषम बाइटवर सुरू होत होत्या, म्हणून दोन-दोन बाइटांच्या जोड्याच चुकत होत्या. टेल कमांडने फाइलच्या सुरुवातीचा एक बाइट कापला, पुन्हा आयकॉन्व्ह, आणि मग दोन्ही निकाल हाताने एकत्र लावत बसायचं. यात स्ट्रिंग्जचं योगदान काय? सकाळचे तीन तास मला चकवलं, एवढंच.

निदान एक ओळ छापायची होती रे: 'एवढे बाइट मी सोडले'. तेवढ्यावरून मी लगेच हेक्स डम्प उघडला असता.

संध्याकाळी त्या महाशयांचा मेसेज आला, "झालं का दोन मिनिटांत?" मी उत्तर पाठवलंय: ( > 9 @. शोध म्हणावं.