भरतीची वीज आणि कंबोईचा चिखल

सोसायटीच्या ग्रुपवर काल परत तो मेसेज आला. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीची फुकटची वीज रोज वाहून जातेय आणि आपण बडोदेकर हातावर हात ठेवून बसलोय! खाली अंगठ्यांची रांग. मला काही राहवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आत्याला घेऊन त्याच आखाताकाठच्या कावी-कंबोईला गेलो होतो. स्तंभेश्वराचं देऊळ भरतीला पाण्यात जातं, ओहोटीला पिंड उघडी पडते, म्हणून तिथी बघून निघायचं. समुद्र बघून आत्या म्हणाली, "अरे, हा तर चहा उकळून ठेवलाय!" मी शहाणा, पाण्याजवळ जायला खाली उतरलो. पाय पोटरीपर्यंत रुतला. ओढून काढला तर नुसता पाय वर आला, चप्पल आतच. ती अजून तिथंच असेल.

मेसेजवाल्यांच्या गणितात हा गाळ कुठेच नसतो. आकडे खोटे नाहीत. भावनगरकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 11 मीटरपर्यंत जातो, आणि खंबातची क्षमता 7000 मेगावॉट धरली जाते. पण वीज काढायला आखातात भिंत घालून भरतीचं पाणी अडवलं की गाळ त्या भिंतीमागेच बसणार. शिवाय वीज भरती-ओहोटीतल्या फरकाच्या वर्गाच्या (फरक गुणिले फरक) हिशेबानं मिळते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला फरक निम्म्यावर आला की वीज पाव. भरतीची वेळही रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. आज दिवेलागणीला मिळाली, तर आठवड्यानं मध्यरात्री. वेळापत्रक आधीपासून पक्कं असतं, हा मोठाच गुण, मान्य. पण आपल्या सोयीचं ते नाही.

कुणीतरी लगेच कोरिया काढतं. तिथलं सिव्हाचं भरतीच्या विजेचं केंद्र 2011चं, 254 मेगावॉट, फ्रान्समधल्या रान्सच्या 1966च्या 240 मेगावॉटपेक्षा थोडंसं मोठं. पण सिव्हाला भिंत आधीच घातलेली होती! आतलं पाणी सडलं, म्हणून समुद्र परत आत घ्यायचाच होता. मग आत येता येता त्याच्याकडून वीजही काढली. भिंतीचा खर्च विजेच्या माथी पडलाच नाही.

आपल्याकडे सुंदरबनात दुर्गादुआनीचा जेमतेम 3.75 मेगावॉटचा प्रकल्प खर्चापायी गुंडाळला. कच्छच्या 50 मेगावॉटची 2011 साली घोषणा झाली, केंद्र काही उभं राहिलं नाही.

"कल्पसर (खंबातच्या आखातावर बांध घालून गोडं पाणी साठवायची योजना) होईल तेव्हा वीजही होईल" असं म्हणणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं. गोडं पाणी साठवायचं तर समुद्राला बाहेर ठेवायचं, आणि वीज करायची तर त्याला दिवसातून दोनदा आत बोलवायचं. एकाच तळ्यात दोन्ही कसं जमणार? माझं म्हणणं एवढंच की भिंतीबिंतीच्या गप्पा राहू द्या. वाहत्या पाण्यात एक लहान टर्बाइन सोडा, चार पावसाळे चालवा, पाती किती झिजतात आणि युनिट कितीला पडतं ते जाहीर मांडा.

तोवर ज्यांनी अंगठे दिलेत त्यांनी येत्या अमावास्येला कंबोईला चला. गाडी माझी. चप्पल मात्र जुनी घाला.