एक स्टार मिळालेल्या 22 च्या कटरबद्दल आमचं उत्तर

नमस्कार दादा,

रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं: मॅग्नेटिक ड्रिलला (चुंबकाने प्लेटला चिकटणाऱ्या मशीनला) लावून धातूत भोक पाडायचा 22 मिलीमीटरचा पोकळ कटर घेतला, तीन भोकं पडली, चौथ्याला दात उडाले, कटरमुळे मशीन थरथरत होतं, पैसे परत मिळाले नाहीत, त्यापेक्षा साधं ड्रिल बरं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. विंच (जाळी ओढायचं यंत्र), शाफ्ट, पंपाची सगळी कामं याच दिवसांत उरकावी लागतात. अशा वेळी विंचचा बेस अडकून पडला, म्हणजे राग येणारच. तरी पैसे परत का दिले नाहीत ते इथे सगळ्यांसमोर सांगतो, कारण रत्नागिरीपासून मालवणपर्यंत कित्येक वर्कशॉपवाले हाच कटर वापरतात.

तुमचा माणूस कटर घ्यायला आला तेव्हा काउंटरवर प्लेट कसली ते विचारलं होतं. 12 मिलीमीटर एम.एस., म्हणजे साधं पोलाद, असं उत्तर आलं आणि बिलावरही तेच लिहिलंय. त्या कामाला साधा एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) कटर अगदी योग्य. पण तुटलेला कटर तुम्ही आणून दिलात, तेव्हा आत एक गाभा, म्हणजे भोकातून कापून निघालेला धातूचा गोल तुकडा, अडकलेला होता. तो ठोकून काढला आणि लोहचुंबक लावला. चिकटला नाही. मग फोनवर तुम्हीच म्हणालात, की बेस 316 चा, म्हणजे चुंबक न धरणाऱ्या स्टेनलेसचा आहे. प्लेटची निवड उत्तमच आहे. 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून खाऱ्या वाऱ्यात ते नेहमीच्या 304 स्टेनलेसपेक्षा जास्त टिकतं. फक्त त्याला भोक पाडायची रीत वेगळी.

स्टेनलेसमधून उष्णता साध्या पोलादाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने वाहते. कापताना झालेली गरमी प्लेटमध्ये पसरत नाही, दातांच्या टोकाशी साठते. दुसरं म्हणजे दात कापायचे थांबून नुसते घासू लागले, की त्या जागचं स्टेनलेस कडक होतं. मग पुढचा फेरा आधीपेक्षा कडक धातूवर. एम.एस.साठी 22 चा एचएसएस कटर साधारण 360 आरपीएमला (मिनिटाला 360 फेरे) चालतो. 316 ला त्याच्या निम्म्याने, 175 च्या आसपास फिरवायला हवा. तुमच्या मशीनला वेग एकच आहे, आणि तो एम.एस.चा. कटरच्या सगळ्या दातांचे बाहेरचे कोपरे निळे-काळे पडून झिजलेत, ते यामुळे. कटर मुळात मऊ असता तर दात दबले असते, असे भाजले नसते.

आता थरथर. मॅग्नेटिक ड्रिल प्लेटला धरतं ते चुंबकाने, आणि 316 ला चुंबक धरत नाही. तुम्ही खाली लोखंडी प्लेट ठेवली होती, पण मधे 12 मिलीमीटर स्टेनलेस आल्यावर पकड उरते ती नावापुरती. मशीन केसभर सरकलं, की कटरच्या एकाच बाजूला धक्का बसतो. तुमच्या कटरचे शेजारशेजारचे दोन दात मुळापासून गेलेत आणि समोरच्या बाजूचे शाबूत आहेत. म्हणजे मशीन सरकलं म्हणून दात गेले, दात गेले म्हणून मशीन हललं नाही. मला खरी काळजी याची वाटली. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि वीज गेली की चुंबक सुटतो. बोटीच्या कुशीला उभं लावलेलं मशीन अंगावर आलं तर माणूस जायबंदी होईल. सोबत येणारी सेफ्टी चेन कृपा करून प्रत्येक वेळी बांधा.

चौथ्याच भोकाला का तुटला, हे त्या गाभ्यावरून कळतं. तो पुरता 12 मिलीमीटर जाडीचा होता. चौथं भोक तर अर्धवटच राहिलंय, म्हणजे गाभा तिसऱ्याचा. तो आत असतानाच चौथं सुरू झालं. हा कटर मधोमध पोकळ असतो, साधारण चार मिलीमीटर जाडीची कडी तेवढी कापतो आणि मधला धातू अखंड बाहेर पडतो. तो ढकलणारी, मधोमध बसणारी पायलट पिनच कूलंटलाही (कटर थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्यालाही) वाट देते. गाभा अडकला की पिन वर दबून राहते, केंद्र सापडत नाही, दातांपर्यंत कूलंट नीट पोहोचत नाही आणि हँडलवरचा जोर मात्र वाढत जातो. म्हणून प्रत्येक भोकानंतर मशीन बंद करून गाभा पडला का ते बघायचं. न बघता पुढचं भोक सुरू करणं हेच कटर मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे, असं माझं मत.

हँडलबद्दलही सांगतो. ड्रिलच्या सवयीने लोक थोडं दाबतात, उचलतात, पुन्हा दाबतात. या कटरला ते चालत नाही. उचलला की चिप (धातूचा कीस) दातांखाली जाऊन बसते, आणि स्टेनलेसमध्ये तेवढ्या घासण्यानेच जागा कडक होते. सुरुवातीला हलका दाब, खाच धरली की आरपार होईपर्यंत एकसारखा. कूलंट कालवायला विहिरीचं मचूळ पाणी घेऊ नका. त्यात तेल फाटतं आणि कटरही गंजतो. उभ्या किंवा डोक्यावरच्या कामाला पातळ कूलंट गळून जातं, तिथे कटिंग पेस्ट बरी.

साध्या ड्रिलचं म्हणाल, तर 12 मिलीमीटर प्लेटला 22 चं भोक पाडायला आधी बारीक, मग मधलं, मग मोठं असे दोन-तीन टप्पे घ्यावे लागतात. 316 मध्ये प्रत्येक टप्प्याला कडक होण्याचा धोका आहेच. एम20 बोल्टला 22 चं भोक लागतं, आणि विंचच्या बेसची चार भोकं एकमेकांशी जुळायला हवीत. तिथे मी कटरच वापरेन.

316 साठी 8 टक्के कोबाल्ट असलेल्या एम-42 पोलादाचा कटर घ्या. कार्बाइडचे दात असलेला टीसीटी कटर वेगवान, पण पकड कच्ची असेल तर त्याचे दात आणखी लवकर उडतात, म्हणून तुमच्या मशीनला तो विकणार नाही. लांबी 25 मिलीमीटरचीच ठेवा. 12 च्या प्लेटला 50 चा लांब कटर घेतला तर उगाच जास्त लवतो. बेस टेबलाला क्लॅम्पने आवळा आणि मशीन लोखंडी टेबलावर बसवा. एम.एस.वर वापरलेला कटर न पुसता स्टेनलेसला लावू नका. लोखंडाचे कण रुततात आणि पहिल्याच पावसात 316 वर तांबडे ठिपके दिसतात.

चुकीच्या धातूवर मोडलेल्या कटरचे पैसे मी परत देणार नाही. पण 316 चा एक तुकडा घेऊन दुकानात या. आमच्या वेग बदलणाऱ्या मशीनवर, एम-42 ने, तुमच्यासमोर चार भोकं पाडून दाखवतो, त्याचे पैसे नकोत. तुमच्या माणसालाही आणा, हँडल त्याच्याच हातात देतो. तुमच्या त्या भोकांपाशी प्लेट कडक झालेली असेल, म्हणून चौथं भोक पुरं करायच्या आधी बेसही दाखवा. येताना मशीनवरच्या आरपीएमच्या पट्टीचा मोबाईलवर फोटो काढून आणा.