‘एसीत बसून उपदेश’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अपघातानंतर चालकाची जबाबदारी काय, या माझ्या लेखावर आपण नाव न लिहिता लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं: जमाव चिडलेला असताना थांबणं म्हणजे मार खाणं. कायद्यातच जमावाची सवलत आहे, ती मी लपवली. विम्याचा उल्लेख नाही. अपघातात माणूस मेल्यावर न कळवता पळणाऱ्या चालकाच्या दहा वर्षांच्या शिक्षेचा नाही. आणि शेवटी, “एसीत बसून उपदेश करणाऱ्यांनी आधी पुण्यात गाडी चालवून दाखवावी.”

विम्याचं मान्य. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे पॉलिसी क्रमांक, अपघाताची तारीख-वेळ-जागा, जखमींची माहिती आणि लायसनचा तपशील विमा कंपनीला लेखी कळवावा लागतो. ते राहिलं, लेखात घालतो.

पण ते शेवटचं वाक्य! मी १९९८ पासून याच शहरात गाडी चालवतोय. आधी लूना, मग स्कूटर, मग जुनी मारुती. कात्रज-स्वारगेट बीआरटीच्या (बससाठीच्या वेगळ्या मार्गाच्या) खोदकामातूनसुद्धा रोज गेलोय. एसीची गाडी घरात आली २०१४ मध्ये. तुम्ही मला ओळखत नाही, मग कशाच्या आधारावर लिहिता?

आणि माझ्या हातून अपघात झालाय. लेखात सांगितलं नव्हतं, आता सांगतो. २००९ चा पावसाळा, सिंहगड रस्ता, संध्याकाळची वेळ. सायकलवरच्या एका काकांना माझ्या गाडीचा कोपरा लागला. डबा उघडून पोळ्या पाण्यात पडल्या आणि काका रस्त्यावर बसल्या बसल्या डब्याचं झाकण शोधत होते. पाय वाकडा झालाय हे त्यांना कळलंच नव्हतं. पंधरा-वीस माणसं जमली. एकाने माझी कॉलर धरली, दुसऱ्याने किल्ली काढून घेतली. मी एवढंच म्हणालो, “आधी यांना उचलू, मग मला काय करायचं ते करा.” कॉलर धरणाराच काकांना धरून मागच्या सीटवर बसला आणि हॉस्पिटलपर्यंत आला. रात्री साडेदहाला मी स्वतः पोलीस चौकीत गेलो. हात इतका थरथरत होता की जबाबावरची सही दोनदा चुकली. याला तुम्ही उपदेश म्हणता?

जमावाची सवलत आहे, पण ती जखमीला दवाखान्यात नेण्याच्या जबाबदारीपुरतीच. पोलिसांना कळवणं त्याने सुटत नाही. जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत. जिवाला धोका वाटला तर निघा, पण १०८ ला फोन करा आणि गाडी थेट ठाण्यात न्या. घरी नाही.

दहा वर्षांच्या शिक्षेचं कलम १०६(२) हे १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) लागू झाली तेव्हा लागू न करता बाजूला ठेवलं होतं. एवढं तरी वाचून लिहायचं होतं.

काकांचा पाय जुळला. मी नवा डबा घेऊन गेलो होतो, तो त्यांनी घेतला नाही. जुनाच ठोकून घेतला होता.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही. पुढच्या वेळी नावानिशी लिहा.