लेननच्या तोंडी घातलेले वाक्य आणि रिंगोचा ठेका

माझी भाची दोन वर्षांपासून ड्रम शिकते आहे. गेल्या आठवड्यात तिने मला एक फिरता संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, मग मी रिंगोचे ठेके कशाला बसवते आहे?’ संदेशाचा आशय असा: रिंगो स्टार हा बीटल्स या ब्रिटिश बँडमधला कच्चा, पण नशीबवान ड्रमर; ‘तो जगातला सर्वोत्तम ड्रमर आहे का?’ या प्रश्नावर त्याच बँडमधल्या खुद्द जॉन लेननने ‘तो बीटल्समधलासुद्धा सर्वोत्तम ड्रमर नाही’ असे उत्तर दिले. पहिल्याच रेकॉर्डला बाहेरचा वादक बोलवावा लागला. पुढे बँडचा बासवादक पॉल मॅकार्टनीच ड्रम वाजवू लागला. आणि रिंगोला सोलो, म्हणजे एकट्याचे वादन, कधी जमलाच नाही. रिंगोबद्दल बीटल्सच्या चाहत्यांत दोन तट आहेत आणि ते खुशाल असोत, पण आपली नावड सिद्ध करण्यासाठी दिवंगत माणसाच्या तोंडी वाक्य घालायचे, हे मात्र अती झाले.

लेनन हे वाक्य बोललेलाच नाही. बीटल्सचे चरित्रकार मार्क लुईसन यांनी त्याचा माग काढला, तो बीबीसीच्या ‘रेडिओ ॲक्टिव्ह’ या विनोदी कार्यक्रमाच्या १९८१ मधल्या एका भागापर्यंत पोहोचला. पुढे १९८३ मध्ये जॅस्पर कॅरट या विनोदवीरानेही तोच विनोद केला. लेननची हत्या ८ डिसेंबर १९८० रोजी झाली होती. वाक्य त्याच्या तिरकस जिभेला शोभण्याजोगे आहे, एवढ्याच भांडवलावर ते चाळीस वर्षे खपते आहे. त्याच १९८० साली ‘प्लेबॉय’ मासिकाला दिलेल्या मुलाखतीत लेननने नेमके उलटे सांगितले होते: रिंगो तांत्रिकदृष्ट्या तयारीचा नसला तरी फार चांगला ड्रमर आहे, आणि पॉलच्या बासवादनासारखीच त्याच्या वादनाचीही व्हावी तेवढी कदर झाली नाही. ‘तांत्रिकदृष्ट्या नाही’ हा भाग टीकाकारांनी हवा तर घ्यावा. तेवढा त्यांचा हक्क मी नाइलाजाने मान्य करतो.

पहिल्या रेकॉर्डची, म्हणजे ‘लव्ह मी डू’ची, गोष्ट अर्धी खरी आहे. ११ सप्टेंबर १९६२ रोजी अँडी व्हाइट या व्यावसायिक वादकाला ड्रमवर बसवून रिंगोच्या हाती टँबोरिन, म्हणजे खंजिरीसारखे वाद्य, देण्यात आले, आणि ते त्याला लागले. मात्र तेव्हा त्याला बीटल्समध्ये येऊन महिनाही झाला नव्हता, आणि त्या काळी स्टुडिओत असे सर्रास चाले. शिवाय ऑक्टोबरात बाजारात आलेल्या पहिल्या रेकॉर्डवर ४ सप्टेंबरचे रिंगोचेच वादन आहे. व्हाइटचे वादन नंतरच्या एलपीवर, म्हणजे अनेक गाण्यांच्या मोठ्या रेकॉर्डवर गेले.

पॉलने ड्रम वाजवले ते ऑगस्ट १९६८ मध्ये, रिंगो वैतागून काही दिवस निघून गेला होता तेव्हा, आणि एप्रिल १९६९ मध्ये, तो चित्रपटाच्या चित्रीकरणात अडकला होता तेव्हा. यावर अधिक शाई खर्च करण्याची गरज नाही.

राहिला सोलोचा मुद्दा. बीटल्सच्या रेकॉर्डिंगमध्ये रिंगोचा सोलो एकच, १९६९ च्या ‘द एंड’मधला, आणि तोही त्याने आढेवेढे घेत वाजवला. पण ख्यालाच्या साथीला बसून ठाय लयीत ठेका धरणाऱ्या तबलजीला ‘एकल वादनातले कायदे का वाजवत नाहीस’ असे आपल्याकडे कोणी विचारत नाही. रिंगोचे वेगळेपण त्याच्या हातांत आहे. तो डावखुरा, आणि ड्रमचा संच मात्र उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेला. उजव्या हाताचा वादक स्नेअर या समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवरून टॉम या खोल आवाजाच्या ड्रमकडे जाताना उजव्या हाताने सहज निघतो. रिंगोचा डावा हात आधी उठतो, त्यामुळे त्याच्या भरावाच्या, म्हणजे ठेक्यामधली मोकळी जागा भरणाऱ्या, जागा क्षणभर अडल्यासारख्या, किंचित मागे रेलून येतात. ‘कम टुगेदर’मध्ये टॉमवर चहाचे टॉवेल टाकून त्याने काढलेला तो दबका, घरंगळता आवाज ऐकावा, किंवा ‘अ डे इन द लाइफ’मध्ये गायकाच्या ओळी संपतात तिथे टॉमवर दिलेली उत्तरे ऐकावीत. ती गाण्यातून काढली तर गाणे उघडे पडते.

१९६६ चे ‘रेन’ हे रिंगो स्वतःचे सर्वोत्तम वादन मानतो. मी भाचीला तेच पाठवले. ती उजव्या हाताची आहे. सुरुवातीची स्नेअरवरची जागा तिने दोन दिवसांत उचलली, पण पुढचे भराव तिच्या हातांना अजून उलटे जात आहेत.