‘शाई गोदावरीत सोडणे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरच्या प्रिंटरवर फोटो छापण्याविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण चार आक्षेप घेतले आहेत. ५ × ७ इंचाच्या फोटोला किती पिक्सेल लागतात, तो आकडा चुकला; कागदाविषयी एक अक्षर नाही; प्रिंटर ५७६० डीपीआयचा, म्हणजे इंचाला इतके ठिपके छापणारा, असताना मी इंचाला २०० पिक्सेलवर समाधान मानतो; आणि शेवटी, ‘इंचाला ३०० पिक्सेलच्या खाली छापणे म्हणजे शाई गोदावरीत सोडणे, सॉफ्टवेअरमध्ये ३०० लिहावे आणि छापावे, अभ्यास न करता लोकांना शिकवू नये.’

पहिला आक्षेप मान्य. ३०० च्या हिशेबाने तेथे १५०० × २१०० पिक्सेल हवेत, मी २००० लिहिले होते. दुरुस्ती केली आहे.

‘अभ्यास न करता’ हे मात्र गिळवत नाही. पंचवटीतल्या आमच्या घराच्या माडीवर वडिलांची डार्करूम होती. एन्लार्जरखाली (निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) भिंग धरून निगेटिव्हचा दाणा टोकदार दिसेपर्यंत फोकस लावायला मी नववीत असताना शिकलो आणि पुढे एका स्टुडिओत अकरा वर्षे प्रिंट काढल्या. आपला अभ्यास कोणता, हे आपण लिहिलेले नाही. विचारणे बरे दिसत नाही, तरी विचारतो.

३०० हे काही वेदवाक्य नव्हे. निरोगी नजरेला कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखू येतो. फोटो हातात धरून फूटभर अंतरावरून पाहिला, तर त्याचा हिशेब इंचाला सुमारे २८६ पिक्सेल येतो, आणि तोच फोटो भिंतीवर लावून दोन फुटांवरून पाहिला, तर निम्मे पुरतात. गेल्या दिवाळीत शेजारच्या आजींना नातीचा फोटो हवा होता. व्हॉट्सॲपवरून आलेला, १६०० × १२०० पिक्सेलचा. ४ × ६ च्या कागदावर लांबीला इंचामागे २६७ पिक्सेल पडले, म्हणजे आपल्या न्यायाने शाई गोदावरीत गेली. आजींनी चष्मा पुसला, फोटो नाकाशी नेला आणि नातीच्या टिकलीवरचे खडे मोजले. त्यांच्या हट्टापायी तोच फोटो ए-४ वरही काढला. तेथे इंचाला १३७ उरले आणि पापण्या एकमेकींत मिसळल्या. असे करू नका, हे मी लेखातच सांगितले आहे. आपण तिथवर वाचलेले दिसत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये नुसते ३०० लिहिल्याने पिक्सेल वाढत नाहीत. आजींचा फोटो त्या आकड्याने सव्वापाच इंचांच्या आसपास आक्रसेल, किंवा ए-४ कायम ठेवायचा असेल, तर सॉफ्टवेअर आजूबाजूचे रंग पाहून मधले पिक्सेल अंदाजाने भरेल. नारोशंकराच्या घंटेच्या आवाजात सांगितले, म्हणून त्या अंदाजाची पापणी होत नाही.

५७६० हा शाईच्या थेंबांचा आकडा आहे, फोटोच्या पिक्सेलचा नव्हे. एका पिक्सेलची छटा साधायला अनेक थेंब लागतात. कागदाचे म्हणाल, तर साध्या कागदावर शाई पसरते हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यासाठी लेख अडवायचे कारण नव्हते.

आजींच्या दोन्ही प्रिंटच्या जादा प्रती माझ्याकडे आहेत. रविवार कारंजावर कधी येणार असाल तर कळवा, घेऊन येतो. भिंग आपण आणावे.